घडीच्या गाडीतली न्हाणी

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
२७ जानेवारी १९८७

सगुणाबाय,

रविवारी खडवलीला नदीकाठी सगळ्यांसमोर मी म्हणालो, की माझ्या गाडीत तू नीट आंघोळ करीपर्यंत तुझ्या दारचा चहा घेणार नाही. रागात म्हणालो, पण म्हणालो. बोललेला शब्द आणि ठोकलेला रिव्हेट मी मागे घेत नाही. म्हणून आता ठाण्याहून कल्याणला ही पत्रं.

मागाहून वाद नको, म्हणून मुद्दे लिहून ठेवतो. गेल्या चैत्रात तू कार्ल्याला एकवीरेच्या पायथ्यापर्यंत गेलीस आणि देवीचं तोंड न बघता परत आलीस. तुझ्या नाथाची कावीळ उतरावी म्हणून बोललेला नवस तसाच राहिला. कारण काय, तर आंघोळ नाही. पायऱ्या तू कठडा धरून चढतेस, पण खाली बसलीस की गुडघे उठू देत नाहीत, आणि जत्रेत बाया लुगड्याच्या आडोशाला बसूनच चार तांबे घेतात. पारोशी तू गड चढणार नाहीस. हे तुझं म्हणणं.

आता गाडी. ती मी माझ्या हौसेनं केली, तुझ्यासाठी नाही. तो गैरसमज नको. रद्दीवाल्याकडे परदेशी मासिकात घडीच्या गाडीचं एक चित्र सापडलं. त्यावरून वागळे इस्टेटमधल्या आपल्या शेडमध्ये अँगल, पाइप, प्लायवूड आणि ताडपत्री जमवून केली. मिटली की हातगाडीएवढी, आपल्या मासेवाल्या दामाजीच्या जीपमागे लागते. उघडली की दोघं झोपतात आणि मागच्या कोपऱ्यात उभ्यानं आंघोळ करायची न्हाणी. मी सातवीनंतर लेथवर उभा राहिलो, कुठल्या कॉलेजात गेलो नाही. तरी उघडल्यावर गाडी काटकोनात आहे की नाही ते गुण्या लावून कोणीही बघावं.

खडवलीला तू आत गेलीस, पाण्याचा आवाज आला, बाहेर आलीस आणि म्हणालीस, "असली आंघोळ तुझ्या वैऱ्याला घाल." दामाजी हसला. मी हसलो नाही, मी निरीक्षण केलं. लुगडं बदललेलं, पाय ओले, डोकं मात्र ठणठणीत कोरडं. निदान असं: टाकी छतावर आहे खरी, पण डोक्यापासून जेमतेम दीड हात वर. दाब कमी पडला. झारीतून पाणी सरळ न पडता भिंतीकडे ओघळलं. पंप लावतो. जत्रेला वेळ आहे.

तुझा,
विश्राम


कल्याण, खाडीकाठ
२ फेब्रुवारी

विश्रामास सगुणाचा आशीर्वाद. घरात सगळी बरी आहेत. नाथा होडीवर जातो, सूनबाई रतन पहाटे बाजारात बसते, मी दोघांवर ओरडते.

तुझं पत्र रतननं मोठ्यानं वाचलं. शेजारची ठमाबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं, कोर्टाची नोटीस आली.

हौसेनं केलीस म्हणे. हौसेच्या गाडीत धरायचा दांडा बरोबर माझ्या खांद्याशी कसा आला रे? तुझी सरस्वती माझ्याहून वीतभर उंच. तिनं तो दांडा धरला तर ती वाकून झाडू मारल्यासारखी दिसेल.

न्हाणीचं विचारतोस तर ऐक. तो पडदा अंगाला चिकटतो. मी आत गेले, पाणी सोडलं, तर पडदा आपणहून आत आला आणि मांड्यांना बिलगला. परक्या पुरुषानं हात लावल्यासारखं झालं. एवढं पुरे. मी काही तुझ्या गाडीतून येत नाही. यंदा रतन जाईल, कोंबडा वाहील, नवस फिटेल. देवी काय कोण आलं ते बघत बसते का.

चहाचं तुझं तू बघ. आमच्याकडे आलं घालून करतात.

सगुणा


ठाणे
१० फेब्रुवारी

सगुणाबाय,

देवी बघते. नवस तू बोललीस, रतन नाही. हे तूच मला लहानपणी शिकवलंस. बोलणारीचे पाय पायरीला लागले पाहिजेत.

पडद्याची तक्रार मात्र रास्त आहे. मला ती माहीतच नव्हती, कारण मी पाहणी केली ती पडदा कोरडा असताना. पाणी पडू लागलं की आतली हवा खाली ओढली जाते आणि हलका पडदा आत येतो. उपाय सापडला तो आपल्याच घरात. बाबांच्या जुन्या जाळ्याचं शिसं माळ्यावर होतं. ते पडद्याच्या खालच्या काठाला ओवलं. आता पडदा मुंबईच्या शेठसारखा जागचा हलत नाही.

दुसरं, दाब. मोटारीला हवा भरायचा पायाचा पंप टाकीला जोडला. नवं मॉडेल दोन तयार. शनिवारी शेडच्या मागे दामाजीवर चाचणी घेतली. त्याला म्हणालो, चड्डीवर उभा राहा. मी पंप मारला. सुरुवातीला बरं चाललं. मग मी जरा उत्साहात जास्त मारला, तर झारी सुटून त्याच्या टाळूवर बसली. तो म्हणतो, "विश्राम, मी मासे विकतो, मला मासा समजून खवले काढू नकोस." टेंगूळ आहे, पण उतरेल. झारीला आता दुहेरी आटे पाडले आहेत.

म्हणजे तुझ्या दोन्ही हरकती संपल्या. कधी येतेस चाचणीला?

विश्राम


कल्याण
१६ फेब्रुवारी

विश्राम,

दामाजीला सांग, हळद आणि चुना लाव. आणि पुन्हा तुझ्या तावडीत चड्डीवर सापडू नकोस म्हणावं.

पडदा थांबवलास, बरं केलंस. तुझं डोकं चालतं, ते मी कधी नाही म्हटलं नाही. आई म्हणायची, याला घड्याळ दाखवू नका, उघडून बसेल. पण मला नळाच्या फटकाऱ्यानं धुऊन काढायचं कारण नाही. मी काय गोदीतली बोट आहे?

तसं पाणी वरून येतं ते मला नको वाटतं. वय झालं. थंडी वाजते. तू म्हणशील चैत्रात थंडी कसली. वाजते एकेकाला.

रतनसाठी नवं लुगडं घेतलं जत्रेला. हिरवं आहे. तीच जाईल.

सगुणा


ठाणे
२४ फेब्रुवारी

सगुणाबाय,

तुझं पत्र मी जेवताना सरस्वतीला वाचून दाखवलं. तिनं ताटातून मान वर न करता विचारलं, "बाई रोज डोक्यावरून पाणी घेतात का हो?" मी म्हणालो, शॉवर म्हटलं की डोक्यावरूनच असतो, जगभर. ती म्हणाली, "जगभर जाऊ द्या. तुमच्या घरात, इतक्या वर्षांत, मी रोज केस ओले केलेले पाहिलेत का तुम्ही?" मी विचार केला. पाहिलेले नाहीत. तुझेही नाहीत. बाई न्हाते ती ठरल्या वारी, एरवी पाणी खांद्यापासून खाली. पहाटे एवढे केस ओले करून गड चढायचा, ते वाळणार कधी, सर्दी कोणाला होणार. ही गोष्ट मला कोणी सांगायला नको होती का?

तर आता खरी अडचण कळली आहे आणि ती सोडवली आहे. सोबत पार्सल आहे. रेनकोटचं कापड कापून सरस्वतीकडून टोपी शिवून घेतली, कपाळाला इलॅस्टिक. शिवणीतून पाणी गळू नये म्हणून आतून सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावलं आहे; वास दोन धुण्यांत जाईल. मी स्वतः घालून पंपाखाली उभा राहिलो. एक केस भिजला नाही. माझ्या बाबतीत ते फारसं अवघड नव्हतं असं सरस्वती म्हणते, पण तत्त्व तेच.

मॉडेल तीन. आता नाही म्हणायला जागा उरलेली नाही.

विश्राम


कल्याण
३ मार्च

विश्राम,

टोपी परत पाठवते आहे. नीट शिवली आहे, सरस्वतीला सांग. हे पत्र मी रतनला दाखवलेलं नाही.

तू एकेक कारण घेऊन येतोस आणि मी दुसरं काढते. किती दिवस काढू? पडदा खरा होता. केसांचंही खरं आहे. पण ते नाही.

तुझे भावोजी गेले त्या दिवशी तू पुरुषांत होतास, तू पाहिलं नाहीस. बायांनी मला धक्क्यावर नेलं, बसवलं आणि मागून डोक्यावर घागर ओतली. एक झाली की दुसरी. कुंकू डोळ्यांत उतरलं. कोण ओततंय ते दिसत नव्हतं. हात कोणाचा ते कळत नव्हतं. वरून नुसतं पाणी येत होतं आणि मला श्वास घ्यायला मिळत नव्हता. त्या बाया वाईट नव्हत्या. त्यांनी करायचं ते केलं.

त्यानंतर माझ्या डोक्यावर पाणी घालते ती मीच. माझ्या हातात माझा तांबा, डोळे उघडे. नाथा लहान होता तेव्हा खेळता खेळता एकदा त्यानं मागून बादली ओतली, तर मी त्याला मारलं होतं. त्याला अजून कळलेलं नाही का मारलं.

खडवलीला तुझी चावी फिरवली आणि वरून पाणी आलं. टोपी घालून ते थांबायचं नाही. मी दांड्याला धरून झारी भिंतीकडे वळवली, पाणी वाहू दिलं, पाय ओले केले, लुगडं बदललं आणि बाहेर आले. तू बाहेर पट्टी घेऊन उभा होतास. तुला काय सांगणार होते?

आता चौथं मॉडेल करू नकोस. शिमग्याला पोरांना घेऊन या, चहा न पिता का होईना.

सगुणा


ठाणे
१७ मार्च

सगुणाबाय,

शिमग्याला आलो नाही. उत्तरालाही उशीर झाला. कारण शेडमध्ये काम चालू होतं.

तुझं पत्र मी कोणाला दाखवलेलं नाही. सरस्वतीनं विचारलं, टोपी का परत आली? मी म्हणालो, माप चुकलं. ती म्हणाली, "तुमचं माप चुकलं असं तुम्ही पहिल्यांदाच म्हणताय." दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा शेडवर स्वतः घेऊन आली.

मी काय केलं ते सांगतो. दुसरं काही मला लिहिता येत नाही.

छतावरची टाकी काढली. झारी काढली. वरचा पाइप मुळापासून कापला आणि भोकावर पत्रा मारून रंग दिला. तिथे काही होतं असं आता कोणाला दिसणार नाही. टाकी खाली नेली, गाडीच्या पोटात, दोन चाकांच्या मधे. पाणी आता खालून वर येतं, तेही तुझ्या कमरेपर्यंतच. तिथे भिंतीला एक चावी आहे, उजव्या हाताला. चावीपुढे हातभर रबरी नळी आणि तिच्या तोंडाला छोटी झारी. ती तुझ्या हातात राहील. खांद्यावर धर, पाठीवर धर, नको तेव्हा सोड. हातातून सुटली तर ती खाली लोंबते, वर उडत नाही. वीस वेळा सोडून बघितली आहे. शेजारी कडप्प्याचा कट्टा केला आहे, खुर्चीएवढा उंच. त्यावर बस, गुडघे वाकवायचे नाहीत. कट्ट्याच्या बाजूला एक बादली मावते आणि तुझा तांबा ठेवायला खाच केली आहे. तुझ्या तांब्याचा तळ मला माहीत नव्हता, म्हणून आईच्या तांब्याचं माप घेतलं. नळी नको असेल तर तांब्यानं घे. डोळ्यांसमोर ताडपत्रीत एक फट ठेवली आहे, आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. दामाजीला बाहेर उभा करून तपासली.

एकच अडचण. टाकी खाली गेली म्हणून पाणी आपोआप चढत नाही. कोणाला तरी बाहेर पंप मारत राहावं लागतं. थांबला की पाणी थांबतं. म्हणजे तू हाक मारलीस तर बंद आणि हाक मारलीस तर चालू.

याला मी नंबर दिलेला नाही.

विश्राम


कल्याण
२३ मार्च

विश्राम,

रतनला सांगितलं, हिरवं लुगडं मी नेसते, तुला दुसरं घेऊ. ती म्हणाली, "आत्याबाई, मी ते उघडलंच नव्हतं."

येते. पण माझ्या अटी ऐक. पंप तू मारायचा, दुसऱ्या कोणी नाही. तोही गाडीच्या पुढे, माझ्याकडे पाठ करून. आत गेल्यावर मला काही विचारायचं नाही, पाणी पुरतंय का, दाब बरा आहे का, पडदा कसा आहे. एक शब्द नाही. तुला प्रश्न आला तर तो गिळायचा. दामाजीनं जीप लांब लावायची आणि तिकडेच राहायचं.

आणि जत्रेत चार लोकांना ही गाडी उघडून दाखवत बसलास तर मी पायी परत येईन.

तांब्याचा तळ आईच्याच तांब्याएवढा आहे. तो आईचाच आहे. तुझ्याकडचा तो मावशीचा.

सगुणा


कल्याण
९ एप्रिल

विश्राम,

आल्यापासून पाय सुजलेत, पण मन हलकं आहे. कोंबडा वाहिला, नारळ दिला. गाभाऱ्यात गर्दी एवढी की देवीपुढे मला धड उभंही राहता आलं नाही, तरी तोंड बघितलं. डोळे भरून बघितलं. नाथा सोबत होता. खाली उतरताना मी त्याला ती बादलीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आई, मला तर आठवतही नाही." मी एवढी वर्षं उगाच धरून बसले होते.

आता तुझं. मला वाटलं तू वर आधीच जाऊन आलास. काल रतननं सांगितलं, तू गेलाच नाहीस. मी न्हाणीतून बाहेर आले तशी कोळीवाड्यातली मनुबाई गुडघे धरून उभी होती. मग तिची जाऊ. मग पालघरकडच्या दोघी, त्यांची तर ओळखही नव्हती. रतन म्हणाली, रांग वडाच्या झाडापर्यंत गेली. कोणाला गुडघे, कोणाला कंबर, एकीला आठवा महिना. आणि तू दिवसभर पंप मारलास आणि दामाजीनं टँकरवरून कळशा आणल्या. एकवीरेला जाऊन देवीचं तोंड न बघता परत आलेला तू या घरातला दुसरा. मला हसू आलं आणि मग राग आला. सांगायचं नाही का? मी थांबवलं असतं सगळ्यांना. बरं, कदाचित नसतं थांबवलं.

आणि एक खोट सांगते, रागावू नकोस. एवढं सगळं नीट केलंस, पण पंप मधेच बंद पडतो. माझ्या अंगाला साबण होता आणि पाणी गेलं. मी वाट बघितली. मग हाक मारली, तेव्हा आलं. मनुबाईला विचारलं, तिचं काही बंद पडलं नाही म्हणते. म्हणजे सुरुवातीला अडकत असेल. तपासून बघ. एवढी मेहनत घेतलीस, तर तेवढं राहायला नको.

पुढच्या रविवारी या सगळे.

सगुणा


ठाणे
१३ एप्रिल

सगुणाबाय,

रविवारी येतो. पण पुढचं तोंडावर सांगता येणार नाही, म्हणून आधी लिहून टाकतो.

दर्शनाचं मनाला लावून घेऊ नकोस. देवी कुठे जात नाही, मीही नाही. संध्याकाळी पायऱ्यांकडे गेलो होतो, पण मांडीत गोळे आले होते. तिसऱ्या पायरीवर बसलो आणि तिथूनच हात जोडले. दामाजी म्हणाला, "तुझी पोच इथवरच."

आता पंप. पंपात खोट नाही. चामड्याचा वॉशर नवा आहे, एरंडेलात भिजवून घातला आहे. झडप मी स्वतः घासली. परत आल्यावर सगळा उघडून पुन्हा बघितला. बाकी बायांना दिवसभर पाणी मिळालं, मनुबाईचं बंद पडलं नाही, हे तूच लिहितेस. गाडीबद्दल कोणी चुकीचं बोललेलं मला चालत नाही, तू असलीस तरी. म्हणून सांगतो.

पाणी मी थांबवलं. मुद्दाम नाही. पाय वर गेला आणि तिथेच राहिला.

तू आत गाणं म्हणत होतीस. तुला ठाऊक नसेल. आपण लहान असताना ओट्यावर जाळं शिवत म्हणायचीस, ते. भावोजी गेल्यापासून मी ते ऐकलेलं नाही. तुझी अट होती म्हणून मी पाठ करून उभा होतो, एक शब्द बोललो नाही. पण त्या पंपाचा खटखट आवाज फार होतो. त्यात नीट ऐकू येत नव्हतं.

आवाज न करणारा पंप करायला घेतला आहे.

विश्राम